जूनच्या पहिल्या आठवड्यात हमटा खिंडीत बर्फ कसा असेल, हे कोल्हापुरात बसून कसं ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकीचं समजलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही घरचे आणि शाळेतले मिळून सहा जण. त्यात तुमचा १३ वर्षांचा मुलगा आणि ५६ वर्षांचे मोठे दीर. जूनच्या मध्यावर शाळा उघडणार, त्यामुळे तारखा हलत नाहीत: १ ते ६ जून, हमटा पास, म्हणजे हिमाचलातली मनालीजवळची हमटा खिंड. यूट्यूबवर एका व्हिडिओत कमरेएवढा बर्फ, दुसऱ्यात हिरवंगार कुरण आणि दोन्हींवर 'जून' लिहिलेलं. ट्रेकवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "सब ठीक है मॅडम." आता तुम्हाला हवंय ते एवढंच: बर्फ असेल का, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते) विकत घ्यायचे का, आणि जायचं की नाही.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. असेल. खिंड साधारण ४२७० मीटरवर आहे आणि जूनच्या सुरुवातीला तिथे बर्फ नसणं हीच बातमी ठरेल. पण एवढं कळून तुमचं काहीच ठरत नाही. आपल्या भाषेची इथे जरा अडचण होते. फ्रिजमधला खडा बर्फ, रंकाळ्यावरच्या गोळ्यातला चुराही बर्फ. डोंगरावरचा तोच बर्फ पहाटे चारला काचेसारखा असतो, आठला वरून जरा नरमतो आणि त्यात बुटाची छान पायरी पडते, दुपारी बाराला भिजवलेल्या साबुदाण्यासारखा होतो आणि माणूस मांडीपर्यंत आत जातो. उतार तोच, दिवस तोच. म्हणून मी माझ्या गटांसाठी प्रश्न असा धरतो: वाटेतला सर्वांत तिरका तुकडा कुठला, आपण तिथे किती वाजता असू, तेव्हा पायाखाली काय असेल, आणि पाय सटकलाच तर माणूस कुठे जाऊन थांबेल. बाकीची सगळी चौकशी या चार गोष्टींसाठी.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी, माझ्या सुरुवातीच्या गटांपैकी एक. असाच जूनचा पहिला आठवडा, खिंड दुसरी. मी इथून फोनवर विचारलं होतं, "रास्ता खुला है?" उत्तर आलं, "हाँ जी, खुला है." तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्याचं काम दुसऱ्या मुक्कामापर्यंत तंबू पोचवायचं, आणि तिथवर रस्ता खरोखरच खुला होता. पुढचं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्या दिवशी चहा-नाश्त्यात सात वाजवले. चढ उन्हात होता, बर्फ मऊ, सगळे खुशीत. माथ्यावर फोटो झाले. पलीकडची उतरण मात्र अजून सावलीत होती, आणि तिथला बर्फ सकाळपासून सुटलेलाच नव्हता. गडहिंग्लजचा एक पोरगा तिसऱ्या-चौथ्या पावलाला सटकला आणि साठ-सत्तर फूट सरळ खाली गेला. खाली उतार सपाट होत होता म्हणून थांबला. कोपर सोलपटलं, बाकी काही नाही. पण तो जिथून गेला तिथून वीस पावलांवर उघडे दगड होते. त्या रात्री तंबूत कुणी गाणी म्हटली नाहीत.

तेव्हापासून दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा मांडतो. हमट्यालाही हेच लागू पडतं. जोबरा, चिका, बालू का घेरा या मुक्कामांची ही कुल्लूकडची चाल. खिंड ओलांडली की शिया गोरूच्या मुक्कामाकडची उतरण लाहौलच्या अंगाला, ढोबळमानाने उत्तरेला. उत्तरेकडे तोंड असलेल्या उताराला ऊन कमी, तिथे बर्फ उशिरापर्यंत टिकतो आणि सकाळी उशिरापर्यंत कडक राहतो. व्हिडिओवाले चढ दाखवतात, कारण चढताना कॅमेरा काढायला फुरसत असते. उतरणीवर सगळे गप्प आणि दोन्ही हात काठीला.

आता आज, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, काय बघता येईल? हवामानाचा अंदाज तर नाहीच. जूनचं हवामान आत्ता सांगणारं जे कुठलं ॲप असेल ते काढून टाका. त्याऐवजी मागची वर्षं बघा. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह एकाच जागेवरून साधारण पाच-पाच दिवसांनी जातात आणि त्यांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट दिसतात. हमटा पास शोधा, तारीख मे अखेर ते १० जून अशी ठेवा, कमी ढगांचं चित्र निवडा आणि एकेक वर्ष मागे जात पाच-सहा वर्षं बघा. एक ठिपका म्हणजे १० मीटर, त्यामुळे वाट दिसणार नाही, पण कुठला उतार पांढरा आणि कुठला तपकिरी हे स्वच्छ कळतं. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसून गोंधळ होतो. तिथे चित्राचा प्रकार बदलून लघु-अवरक्त (SWIR) पर्याय निवडा. बर्फ निळसर होतो, ढग बहुतेक पांढरटच राहतात. गूगल अर्थवर मात्र हे करू नका. तिथली चित्रं वेगवेगळ्या तारखांची तुकडे जोडून केलेली असतात, आणि ऑक्टोबरचा डोंगर बघून जूनची खात्री बाळगणारे मला दरवर्षी भेटतात.

२०२२ आणि २०२३ ही दोन वर्षं शेजारीशेजारी उघडून बघाच. २०२२ चा मार्च देशभर विक्रमी तापला होता. २०२३ मध्ये उलट, मे सुरू झाला तरी हिमालयात थंडी-पाऊस चालू होता, केदारनाथला त्या दिवसांत बर्फ पडून यात्रेच्या नोंदण्या काही दिवस थांबवाव्या लागल्या होत्या. एकच तारीख, एकच खिंड, पण दोन वर्षांचे अनुभव एकमेकांना लागू नाहीत. तुमचे ते दोन व्हिडिओ बहुधा असेच दोन वेगळ्या वर्षांचे असतील, किंवा एक ३ जूनचा आणि दुसरा २८ जूनचा. त्या महिन्यात तीन-साडेतीन आठवडे म्हणजे फार मोठं अंतर.

थंडीत बर्फ किती पडला यावरून लोक अंदाज बांधतात. मी त्याला थोडंच वजन देतो. भूमध्य समुद्राकडून येणारे, पाऊस-बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ मार्च-एप्रिलमध्ये किती आले, मेमध्ये एखादा उशिराचा येऊन गेला का, आणि मेच्या शेवटच्या पंधरवड्यात ऊन कसं पडलं, यावर जूनचा पहिला आठवडा जास्त ठरतो. म्हणून खरी तपासणी १५ मेनंतर सुरू होते. या वर्षीची चित्रं काढा, बर्फाची खालची रेघ दर खेपेला किती वर सरकतेय ते बघा, आणि मागच्या कुठल्या वर्षाशी जुळतंय ते ठरवा. 'यंदाचं २० मे हे २०२३ सारखं दिसतंय' एवढं कळलं तरी अर्धी लढाई झाली. खोली आणि कडकपणा उपग्रहाला कळत नाही, हे मात्र धरून चाला.

त्यासाठी माणसं लागतात. रोहतांग त्याच पीर पंजाल रांगेत, ३९७८ मीटरवर, म्हणजे हमट्याहून तीनेकशे मीटर खाली. मेच्या अखेरीस तिथे रोज हजारो पर्यटक फोटो काढतात, त्यांत आपले कोल्हापूरकर हमखास. रस्ता यंत्रानं कापलेला असतो, म्हणून 'रोहतांग खुलं' याचा हमट्याशी संबंध जोडू नका. त्यांच्या फोटोंत रस्त्याच्या कडेची बर्फाची भिंत बघा: माणसाच्या गुडघ्याला आहे की डोक्यावर? बर्फ पांढराशुभ्र असेल तर नुकता पडलेला, मळकट आणि खळग्या-खळग्यांचा असेल तर जुना, बसलेला. जुना बर्फ चालायला बरा. पलीकडे छतरूला उतरल्यावर गाडी येणार की नाही, हे लाहौल-स्पीतीच्या रस्त्यांच्या बातम्यांवरून कळतं. तिथले पोलीस रस्त्यांची स्थिती समाजमाध्यमांवर टाकत असतात. चंद्रताल तलावाचा रस्ता जूनच्या पहिल्या आठवड्यात खुला असेलच असं धरू नका, मुलाला आत्ताच कबूल करून बसू नका.

मग ट्रेकवाला. "बर्फ है क्या?" विचारलं की उत्तर "थोडा बहुत" येणार, आणि त्या थोड्याबहुतात काहीही मावतं. मी विचारतो ते असं. "खच्चर कहाँ तक जा रहे हैं?" खेचर तिरक्या कडक बर्फावर जात नाही. मालक घालतही नाही, कारण खेचर गेलं तर त्याचं पोट गेलं. खेचरं बालू का घेरापर्यंतच जात असतील आणि पुढे पाठीवर सामान नेणारे लागत असतील, तर वरचा बर्फ अजून गंभीर आहे. दुसरं, "पिछले तीन दिन में कौन पार हुआ? कितने बजे निकले, कितने बजे ऊपर पहुँचे?" गट गेलेत की परत आलेत, आणि वाटेला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला का, हे आकड्यांत कळतं. तिसरं, "गद्दी लोग भेड़ लेकर उधर गए क्या?" गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन लाहौलच्या कुरणांकडे जातात. हिमाचलात माझा सर्वांत जास्त विश्वास त्यांच्या पायांवर आहे. आणि शेवटी, "नीचे उतरते हुए रस्सी लगानी पड़ रही है क्या?" याचं उत्तर 'हो' आलं, तर दोर कोण लावणार, त्याला ते येतं का, हेही विचारायचं. जो माणूस या प्रश्नांना चिडतो त्याच्यासोबत जाऊ नका. चांगला गाईड उलट खूश होतो, कुणीतरी कामाचं विचारलं म्हणून.

निघायच्या तीन-चार दिवस आधी हवामान. भारतीय हवामान विभागाच्या शिमला केंद्राचं पत्रक वाचा, पण ते आकडे गावांचे असतात हे लक्षात ठेवा. उंचीचा हिशेब तुम्हाला इथेच रोज दिसतो: कोल्हापुरातून पन्हाळ्यावर गेलं की दोन-तीन अंशांनी गार वाटतं, आणि फरक तर चारेकशे मीटरचाच. साधारण १००० मीटरला साडेसहा अंश धरा. मनाली २०५० मीटरवर, खिंड त्याहून २२०० मीटर वर, म्हणजे १४ अंशांचा फरक. मनालीत रात्री १० असेल तर खिंडीत उणे ४. बर्फ रात्रीत गोठणार, पहाटे चालायला कडक मिळणार. पण आकाशही बघायचं. निरभ्र रात्री बर्फातली ऊब वर निघून जाते आणि वरचा थर नीट गोठतो. ढगाळ रात्री ढग गोधडीसारखे पसरतात, ऊब अडते, आणि पहाटे चारलाही पाय आत जातात. सलग दोन ढगाळ रात्री आणि वर पाऊस असा अंदाज असेल, तर मी खिंडीचा दिवस एकानं पुढे ढकलतो.

इथे एक नकोशी आठवण काढतो. २०२४ च्या जूनच्या पहिल्याच आठवड्यात उत्तरकाशीकडच्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेल्यांचा, स्थानिक गाईड धरून २२ जणांचा गट खराब हवामानात अडकला, त्यातले नऊ जण गेले. तारखा जवळपास तुमच्याच, आणि माणसं आपल्यासारखीच, दक्षिणेकडून उकाड्यातून गेलेली. खाली जून असला तरी चार हजार मीटरवर एखादा दुपारचा वारा आणि बर्फवृष्टी पुरते. जमिनीवरचा बर्फ तपासून झाला म्हणजे आकाशातला तपासून झाला, असं नाही.

खुद्द खिंडीच्या दिवशी वेळ पाळणं हाच सर्वांत मोठा सुरक्षेचा उपाय आहे. बालू का घेराहून पहाटे तीन-चारला निघा, आठ-नऊच्या सुमाराला माथा, आणि बाराच्या आत खालचा तिरका भाग संपलेला. उतरण फारच कडक असेल तर माथ्यावर अर्धा-पाऊण तास थांबून ऊन लागू द्यायचं. हे मी त्या गडहिंग्लजच्या पोरानंतर शिकलो. ओढ्यांवर बर्फाचे पूल असतात. वरून घट्ट दिसतात, खालून पाणी त्यांना पोखरत असतं. दगडांच्या कडेला ते सर्वांत पातळ असतात, कारण दगड तापतो. काठीनं ठोकत, एकेकानं, सकाळीच ओलांडायचे. खालून पाण्याचा आवाज मोठा येत असेल तर वळसा घ्या. शिया गोरूचा ओढाही असाच. संध्याकाळी वितळलेल्या पाण्यानं फुगतो, पहाटे उतरतो. त्याचं पाणी इतकं गार असतं की दुसऱ्या पावलाला पाय आपले राहत नाहीत.

मुलांचा आवडता प्रकार म्हणजे बर्फावरून बसून घसरणं. उताराचा शेवट डोळ्यांना दिसत असेल आणि तिथे दगड किंवा पाणी नसेल तरच. घरातला जिना साधारण तीसेक अंशांचा असतो. तेवढ्या तिरक्या कडक बर्फावर सुटलेला माणूस स्वतःहून थांबत नाही. मुलाला जिन्यापाशी उभं करून हे दाखवा, भाषणापेक्षा बरं.

आता जायचं की नाही. इथून तुम्हाला 'जा' किंवा 'नको' म्हणणं बेजबाबदारपणा होईल. तुमच्या दिरांचे गुडघे आणि रक्तदाब मला माहीत नाहीत, मुलगा रोज किती चालतो तेही नाही. पण माझा कौल असा: निघा, आणि खिंड ओलांडायचीच असं ठरवून निघू नका. अडचण कुठे होते सांगतो. आपल्याकडून निजामुद्दीनची गाडी आठवड्यातून एकदा, तिकीट ६० दिवस आधी, परतीचंही ठरलेलं. मग बालू का घेराला पोचल्यावर हवा बिघडली तरी माणूस म्हणतो, एवढ्या लांब आलोय, आता काय विषय नाही, जाऊया. कोल्हापूरकराला माघार हा शब्दच आवडत नाही. म्हणून माघारीची सोय इथूनच करायची. एक दिवस मोकळा ठेवा. तो मनालीत सुरुवातीलाच घालवला तर उंचीचीही सवय होते, पण मग खिंडीखाली हाताशी राहत नाही. दीर बरोबर आहेत म्हणून मी जमलं तर दोन दिवस ठेवेन, एक मनालीत आणि एक खिंडीखाली. गाईडशी आधीच बोला की बालू का घेराहून परत फिरलो तरी ठरलेले पूर्ण पैसे मिळतील. त्याचे पैसे खिंड ओलांडण्यावर अडकले असतील तर त्याचा सल्लाही तिथेच अडकतो. परत फिरलात तर अटल बोगद्यातून गाडीनं लाहौलला जा, सिस्सूला एक मुक्काम करा. मुलाला पलीकडचा डोंगर दिसेल, दिरांना गरम पाणी मिळेल.

मुलगा आणि दीर या दोघांपैकी एकालाच खिंड झेपणार असं दिसलं, तर गट बालू का घेरालाच दोन करा. दुसरा गाईड किंवा मदतनीस त्यासाठी आधीच सांगून ठेवावा लागतो. वर जाऊन गट तोडायचा नाही.

क्रॅम्पॉन विकत घेऊ नका. ते ताठ तळाच्या बुटांवर नीट बसतात, तुमच्या ट्रेकिंग बुटांवर हलतात आणि पायात पाय अडकून माणूस पडतो. तुम्हाला लागतील ते रबराच्या पट्ट्यावर साखळी आणि खिळे असलेले मायक्रोस्पाइक. ते मनालीत भाड्यानं मिळतात, ट्रेकवाला बहुधा देतोच. मुलाच्या मापाचे आहेत का, एवढं आठवणीनं विचारा. मोठे स्पाइक लहान बुटातून निसटतात. बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचे गेटर भाड्यानं घ्या. काठ्या प्रत्येकाला दोन, आणि त्यांची सवय इथेच, जोतिबाच्या पायऱ्यांवर उतरताना करा. उतरताना टाच रोवायची, मागे रेलायचं नाही. मागे रेललं की पाय पुढे निसटतो आणि माणूस पाठीवर पडतो.

गॉगल मात्र इथूनच घेऊन जा, अतिनील किरण अडवणारे, बाजूनं बंद. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे टोपी असली तरी खालून डोळे भाजतात आणि त्रास रात्री सुरू होतो. मुलासाठी त्याच्या मापाचा घ्या, शिवाय गटात एक जास्तीचा. कुणाचा ना कुणाचा तरी बालू का घेरालाच मोडतो.

मेच्या २० तारखेच्या आसपास उपग्रहाचं चित्र आणि ट्रेकवाल्याची खेचरांबद्दलची उत्तरं इथेच टाका, मी बघून सांगतो.